विटांखालची लिंबं

अहो,

आज दसरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या जीपच्या विटांखाली लिंबं नाहीत. जीप आता आपल्या अंगणात नाही. कुठे आहे ते सांगेन, पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा मी भांडायला लागले की तुम्ही जीपखाली शिरायचात, आणि मला फक्त तुमचे पाय दिसायचे. आता कुठे शिराल?

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं, मग पत्र आत्ताच का, असं विचाराल. कारण थोड्या दिवसांपूर्वी मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही. शाळेतून रिटायर झालेय, त्यामुळे पोरांवर ओरडायचीही सोय राहिली नाही. हा राग मी काढू कुणावर?

आपला दसरा आठवतो का हो? सगळी गल्ली आपापल्या स्कूटरी, रिक्षा धुवायची, झेंडूचे हार घालायची, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची. फट्‌ करून लिंबू फुटलं की पूजा झाली. आणि तुमची तऱ्हा? जीपची चाकं गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर, आणि जीप विटांच्या चार थप्प्यांवर. तरी तुम्ही आंघोळ करून, गंध लावून यायचात, नारळ फोडायचात आणि एकेका थप्पीखाली एकेक लिंबू सरकवायचात. विटा कधी लिंबू फोडतात का? दिवाळीच्या साफसफाईत ती वाळून खडखडीत झालेली लिंबं मी झाडून काढायची. आणि तुमचं दरवर्षीचं ठरलेलं, "पुढच्या दसऱ्याला चाकांवर बघ!"

मीनल चौथीत होती तेव्हा ती जीप आणलीत. मिलिटरीतून लिलावात निघालेली, मग कुणाच्या तरी खाणीवर राबलेली. विठ्ठलवाडीहून टेम्पोला दोर बांधून ओढत आणलीत ती आपल्या मानपाड्याच्या बैठ्या घरापुढे. पत्रा सडलेला, सीटच्या जागी पोतं, आतून उंदीर निघाला. मी म्हटलं, "हे मेलेलं जनावर दारात कशाला?" तुम्ही हसून म्हणालात, "सुलभा, ही तुझ्या आईला खाली आणणार आहे."

तिथेच मी फसले!

आईचं गाव मुरबाडच्या पुढे, टेकाडावर. एसटी पायथ्याला सोडायची, आणि वर नुसती दगडगोट्यांची चढण. अंगात जोर होता तोवर आई डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन ती उतरायची. मग तिचे गुडघे गेले आणि ती वरच अडकली. हे झालं आपण घर बांधायच्या आदल्याच वर्षी. लेकीचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच हौस होती तिला. सोनं नाही, नाणं नाही, काशी नाही. माझी डोंबिवलीतली चूल बघायची होती तिला.

माझा भाऊ म्हणत होता, डोलीत बसवून उतरवू, चार माणसं कशीही मिळतील. पण आई ऐकेल तर शपथ. "डोलीत आजारी मानूस घालतात. मी काय मरायला टेकलेय? माझं जावाय गाडी घेऊन येनार हायत." कारण तुम्ही शब्द दिला होतात ना! आमच्या ओटीवर, सगळ्या वाडीसमोर, ताटावर बसून. "आई, पुढच्या सीटवर बसवून नेतो तुम्हाला. तुमच्या आधी त्या सीटवर कोणी बसणार नाही." आणि खरंच कोणाला बसू दिलं नाहीत. मला नाही, मीनलला नाही. शेजारच्या साळवींचा नातू एकदा चढून बसला तर त्याला काखोटीला धरून उतरवलंत.

आईनं त्याच आठवड्यात अंगणात जागा केली. गोठ्याच्या बाजूची. दगड वेचून काढले, माती चोपली, वर शेणसडा. "हितं गाडी उभी ऱ्हायल," म्हणे. तिथे वासरू बांधायचं नाही, भात वाळवायचा नाही, लाकडं रचायची नाहीत. मी मे महिन्यात जायचे तेव्हा मला हाताला धरून ती मोकळी जागा दाखवायची. "पुरंल ना गं एवढी?" मी काय सांगणार? पुरेल म्हणायचे.

आणि इकडे तुमचं काय चाललं होतं? माझ्या पुरणाच्या कढईत तेल घालून तुम्ही बेअरिंग तापवलंत. इडलीच्या डब्यात रॉकेल ओतून त्यात बोल्ट भिजत घातलेत. दात घासायच्या ब्रशनं कार्बोरेटर साफ केलात, तोही मीनलच्या ब्रशनं! मी सगळं चालवून घेतलं. का? तर आई खाली यायची होती. घासून घासून कढईचा वास गेला नाही तेव्हासुद्धा मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्यासाठी कुठे बोलायचं.

हात तुमचे चांगले होते, ते मी नाकारत नाही. फॅक्टरीत मेंटेनन्सला उगाच नाव नव्हतं काढलंत. सडलेला पत्रा कापून नवा जोडलात तर जोड कुठे आहे ते बोट फिरवून कळायचं नाही. पण तुमचं ते ओरिजिनलचं भूत! स्प्रिंगचे पाटे बसवले, मग कळलं ते दुसऱ्याच मॉडेलचे आहेत, की काढा. रंग मारला, अख्खी जीप हिरवीगार झाली, गल्लीत सगळे वा वा म्हणाले, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसलात. का तर मिलिटरीचा हिरवा असा नसतो, त्यात थोडी माती असते. अहो, माझ्या आईला कुठे ठाऊक होतं मिलिटरीचा हिरवा कसा असतो ते! तिला पोपटी चालला असता.

कितीदा म्हटलं मी, भाड्याची गाडी करू. तुम्ही म्हणायचात, "त्या चढणीला साधी गाडी चढायची नाही, फोर-व्हीलच लागते." मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही मशीनवरचा माणूस. मी मान डोलवली.

मग तीन वर्षांपूर्वी आई पडली. भाऊनं फोन केला आणि मी म्हटलं, अरे पण आता तिला खाली आणणार कसं? तो म्हणाला, "आनली ना, गाडीत हाय." कुठली गाडी? पायथ्याच्या गावातली भाजीची पिकअप! मेथीच्या जुड्या उतरवल्या, घोंगडं अंथरलं आणि तिला आडवी केली. चढली ना हो ती पिकअप? भाजीची साधी पिकअप टेकाड चढून, आईला घेऊन, कल्याणच्या हॉस्पिटलपर्यंत आली. फोर-व्हील नव्हती तिला.

कल्याणहून आपलं घर कितीसं लांब? रिक्षानं जाऊन यावं इतकं. आईनं मला विचारलं, "तुझं घर हितून दिसतं का गं?" मी खिडकीतून बोट दाखवलं, कुठल्या तरी इमारतीकडे. ती तिकडे बघत राहिली. दोन दिवसांत गेली.

तिच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तुम्ही होतात तिथे. झाडावर पाच-सहा बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण खाली एक येईना. भाऊ म्हणाला, आई, गुरं विकणार नाही. कावळा हलला नाही. मी म्हटलं, मीनलचं लग्न थाटात करते. नाही. ऊन चढलं, बायका कुजबुजायला लागल्या, आणि मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पुढे झालात, हात जोडलेत, म्हणालात, "आई, जीप तुमच्या अंगणात आणून उभी करतो." आणि तुमचे हात सुटायच्या आत कावळा आला! मी हमसून हमसून रडले. मला वाटलं, बाईचा किती विश्वास आहे अजून जावयावर.

तुम्ही घरी आलात आणि जीपच्या डॅशबोर्डचं मीटर शोधायला लागलात.

मग तुमचंच झालं ते. दिवाळी नुकतीच झालेली. छातीत भरून आलंय म्हणालात, गॅस असेल म्हणालात, ओवा मागितलात. मी ओवा आणेपर्यंत घाम सुटला होता, आणि हॉस्पिटलच्या दारात सगळं संपलं. त्यावर मी भांडत नाही. ते कोणाच्या हातात असतं?

पण तुमचा दहावा! पिंड ठेवून मी हात धुतेय तोवर कावळा आलाच. कोणाला तोंड उघडावं लागलं नाही, काही कबूल करावं लागलं नाही. लोक म्हणाले, "भाग्यवान हो! काही इच्छा मागे राहिली नाही माणसाची." माझ्या अंगाची लाही लाही झाली. इच्छा राहिली नाही? आणि नदीवर दिलेला शब्द? तुमचा जीव त्यात जरासुद्धा अडकला नव्हता? घटकाभर तरी ताटकळायचं होतंत, लोकलाजेसाठी तरी!

तरीही मी स्वतःला समजावलं. म्हटलं, जीप व्हायचीच राहिली, त्याला ते काय करणार. काम अर्धवट राहिलं, आयुष्य पुरलं नाही. असंच समजून मी वर्ष काढलं.

आता यंदाचं सांगते. पाऊस संपल्यावर आपल्या गल्लीचं काँक्रीट सुरू झालं. नवा रस्ता इतका उंच घातलाय की आपलं अंगण खड्ड्यात गेलं. पूर्वी दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचो, आता चढून जायचं. वर कडेनं गटार बांधणार. कंत्राटदाराचा सुपरवायझर आला, म्हणाला, "काकू, गटार झालं की ही गाडी कायमची आत. काढायची तर याच आठवड्यात काढा, नाहीतर नंतर कापूनच न्यावी लागेल." मीनल तिच्या नौपाड्याच्या घरून आलेली. ती म्हणाली, "अगं आई, दे ना भंगारवाल्याला. बाबांचं होतं म्हणून किती दिवस धरून बसणार? झुरळं झालीयेत त्यात." मी हो म्हटलं. भंगारवाला येऊन बघूनसुद्धा गेला.

आणि त्याच दुपारी कांबळे मिस्त्री आले. विठ्ठलवाडीचे तुमचे कांबळे मिस्त्री, ज्यांच्याशी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोललात. त्यांचा जॅक आपल्याकडे राहिला होता, तो न्यायला आले होते. मी चहा ठेवला. जीप भंगारात देतेय म्हटल्यावर कपच खाली ठेवला त्यांनी. "वहिनी, चालू गाडी भंगारात?"

मी म्हटलं, चालू कुठली? चाकं माळ्यावर आहेत, काम अर्धं राहिलं.

तर म्हणाले, "काय बोलता? कधीच चालू झालेली. तुमच्या आई होत्या तेव्हाच. चाकं लावून आम्ही पार हायवेपर्यंत राउंड मारून आणलेली, तुम्ही शाळेत होता. मी साहेबांना बोललो, चला, आता सासूबाईंना आणायला जाऊ. तर बोलले, मैलांचं ओरिजिनल मीटर मिळू दे. डॅशबोर्डला भोक ठेवून सासरवाडीला गेलो, आणि चढणीवर बंद पडली, तर वाडी हसेल. मग परत चाकं काढून ठेवली त्यांनी. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नाही! पुरा एक पावसाळा आणि एक उन्हाळा आई त्या शेणसडा केलेल्या जागेकडे बघत बसली होती, आणि जीप चालू होती! तुम्ही संध्याकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होतात, आणि मी विचारलं की "अजून ॲक्सलचं राहिलंय" म्हणत होतात. मैल मोजायचं मीटर नाही म्हणून माझी आई एक मैल खाली आली नाही. वाडी हसेल म्हणून! कोण हसणार होतं हो? आमच्या वाडीत तेव्हा स्कूटर तरी होती का कोणाकडे? गाडी बंद पडली असती तर सगळ्यांनी मिळून ढकलली असती, आणि आई पुढच्या सीटवर बसून त्यांना शिव्या देत आली असती. आयुष्यभर तीच गोष्ट सांगितली असती तिनं.

आणि नदीवर हात जोडलेत तेव्हाही ती चालूच होती. त्या कावळ्यालासुद्धा फसवलंत तुम्ही!

मी कांबळेंना म्हटलं, जॅक नेऊ नका, चाकं लावा. भंगारवाल्याला फोन करून नाही सांगितलं. मीनल म्हणाली, "आई, तुझं डोकं फिरलंय." फिरलंच होतं. मला ती जीप ठेवायची नव्हती, मला ती पोचवायची होती.

कांबळेंनी नवी बॅटरी आणली, टाकी साफ केली, पेट्रोल भरलं. आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग धूर, आणि मग चालू. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या गाडीचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. खोटं कशाला बोलू, चांगला होता आवाज. त्याचाच जास्त राग आला.

अंगणातून रस्त्यावर फळ्या टाकल्या. सुपरवायझर म्हणाला, "काकू, नाही चढणार, क्रेन बोलवा." कांबळेंनी तो दुसरा छोटा गिअर टाकला, चारही चाकं कामाला लागली, आणि जीप नाक वर करून सावकाश चढली. एक फळी मोडली तरी थांबली नाही. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मीनल, जी भंगार म्हणत होती, तीच फोनवर शूटिंग करत रडत होती. तुमची फोर-व्हील एकदाच लागली हो, स्वतःच्या दारातून बाहेर पडायला!

कांबळे ब्रेक बघायला जीप विठ्ठलवाडीला घेऊन गेले, आणि काल आम्ही निघालो. ते, मी आणि मीनल. पुढच्या सीटवर कोणी बसलं नाही. आम्ही दोघी मागच्या बाकड्यावर, कमरेचे टाके ढिले करत. पायथ्याला पोचलो तर चढण कुठेय? आई गेल्यापासून मी इकडे फिरकलेच नव्हते; दोन वर्षं झाली, वरपर्यंत डांबर आहे. चढणीवर एका रिक्षानं आम्हाला ओव्हरटेक केलं, आत शाळेची पोरं, आम्हाला टाटा करत गेली.

आणि भाऊचं अंगण. तुम्हाला सांगायचं होतं ते हे. गोठ्याला टेकून भाऊची मोटरसायकल. पेंढा ओटीवर, पायाला लागेल असा. लाकडं मागच्या दारी. आणि गोठ्याच्या बाजूची ती जागा, रिकामी. स्वच्छ. काल सकाळचा शेणसडा होता त्यावर. मी भाऊला म्हटलं, अरे, अजून? तो म्हणाला, "आईनं बजावलेलं ना, गाडी येईस्तोवर हितं काय ठेवायचं न्हाई. आमी न्हाई ठेवलं." एवढंच. वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, आणि कांबळेंनी जीप त्या जागेत लावली. नेमकी बसली. कावळा वगैरे काही आला नाही. एक कोंबडी आली आणि चाकाशी चोचीनं उकरत बसली.

आज सकाळी पूजा केली. हार घातला, नारळ भाऊनं फोडला, आणि चार चाकांखाली चार लिंबं मी माझ्या हातानं ठेवली. कांबळे स्टिअरिंगवर बसले. भाऊ म्हणाला, "ताई, बस पुढं." मी नको म्हणत होते. वहिनीनं दंडाला धरून चढवली. सीट एकदम ताठ होती, फोम दबलेलाच नव्हता. कोणाचं वजनच पडलं नव्हतं ना तिच्यावर! समोर डॅशबोर्डला ते भोक. तुमच्या मीटरची जागा. मी त्यात झेंडूचं फूल खोचलं, आणि वाडीत कोणीसुद्धा हसलं नाही. मग जीप हातभर पुढे सरकली, आणि फट्‌ फट्‌ करून चारही लिंबं फुटली. आईच्या सीटवर बसून मी मोठ्यानं रडले. तुमच्यासाठी रडले असं समजू नका.

जीप इथेच राहणार. भाऊचा मुलगा चालवेल. मी त्याला सांगितलंय, रंग गेला तर कुठलाही मार, पोपटी मार. सुटा भाग मिळाला नाही तर बाजारात मिळेल तो बसव. आणि पुढच्या सीटवर जी म्हातारी म्हणेल तिला बसव, दवाखान्याला, बाजाराला, लेकीकडे, पण त्याच दिवशी. उद्या म्हणायचं नाही. हे सगळं होतंय की नाही ते बघायला मी दर दसऱ्याला येणार, चार लिंबं घेऊन. हा माझा शब्द, आणि मी तो जिवंतपणी पाळणार. सात जन्मांचं मात्र अजून काही कबूल करत नाही.

आजही रागावलेलीच,
सुलभा